साक्षर देवचार

“हात कामाक, कान गाण्याक, आनी मन खंय जाय थंय.”

हा आवाज माझ्या आईचा. मये गावात तळ्यावरचं धुकं आमच्या अंगणापर्यंत येऊन बसायचं, त्या वेळी ती सुपात तांदूळ निवडत असायची आणि मी तिच्या गुडघ्याला टेकून. ती ओव्या म्हणायची. एखादं अक्षर ओवीतून खाली पडायचं, मी ते उचलायची. अशानं मला वाचता कधी आलं हे तिला कळलं नाही आणि मलाही नाही. हात कामात, कान गाण्यात आणि मन त्याला हवं तिथं, एवढंच तिचं शिक्षणशास्त्र. त्यात भात करपला तर काय करायचं याचा खुलासा नव्हता. ती शंका मला पेडण्यात सासरी येऊन दोन मुलं झाल्यावर आली, आणि तोवर विचारायला उशीर झाला होता.

यंदा आमच्या वाड्यावरची शाळा बंद झाली. पटावर चार मुलं उरली होती आणि त्यातली दोन माझी. दुसरी शाळा बसच्या वाटेवर. माझा थोरला रुद्रेश दहा वर्षांचा, त्याला शाळा कुठेही असली तरी नकोच होती. धाकटी गौरवी सातची. तिला बस सोसत नाही. बस सुरू व्हावी लागत नाही, नुसता कंडक्टर दिसला तरी तिला ओकारी येते. दोन आठवडे मी तिच्याबरोबर पिशव्या, लिंबू आणि बदलायचा फ्रॉक घेऊन फिरले, आणि मग एका सकाळी ओल्या चपलांनी घरी येऊन जाहीर केलं, की आजपासून शाळा घरीच.

माझे यजमान दत्तप्रसाद तुयेच्या कारखान्यात जातात. ते म्हणाले, “बघ बाबा.” आमच्यात ‘बघ बाबा’ म्हणजे परवानगी आणि जबाबदारी झटकणं, दोन्ही. सासूबाईंनी, म्हणजे प्रभावतीआईंनी, सुपारी कातरत विचारलं, “आनी रांदपाचां कोण करतलां?” रांधायचं कोण, हा त्या दिवशी विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न होता.

रीतसर असावं म्हणून मी तालुक्याच्या कचेरीत कळवायला गेले. तिथल्या कारकुनाला घरी शिकणारी मुलं कोणत्या रकान्यात बसवावीत ते कळेना.

“शाळेचं नाव?”

“घर.”

“घर प्रायमरी की घर हायस्कूल?”

“नुसतं घर.”

“मुख्याध्यापक?”

मी एकदा मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. “मीच.”

“शिपाई?”

“मीच.”

“मध्यान्ह आहार मिळता?”

“मिळतो. कधी कधी करपलेला असतो.”

त्यानं न हसता लिहून घेतलं आणि सांगितलं, की चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी शिक्षण खात्याच्या वैशाली मॅडम घरी येऊन बघून जातील. रुद्रेशचं गणित-वाचन ठीक होतं. पण गौरवीला सात पूर्ण झाली होती आणि अक्षराला अक्षर लागत नव्हतं. तिनं मॅडमसमोर एक पान वाचून दाखवायचं. नाही वाचलं, तर दोघांनी शाळेत जायचं. म्हणजे बस. दत्तप्रसाद म्हणाले, “हे बरोबर आहे.” माणूस वर्षातून एकदा ठाम बोलतो, आणि तेही नेमकं तेव्हा.

तर आमची शाळा सुरू झाली. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवर पोई घेऊन आला की त्याचा भोंगा, पों पों, हीच घंटा. पहिली अडचण अशी, की घंटा झाली की विद्यार्थी वर्गात यायच्या ऐवजी वर्गातून पळत सुटायचे, आणि गरम पोई खाऊन झाल्यावर रुद्रेशला अभ्यास म्हणजे झोपेचा एक प्रकार वाटायचा. सात चोक अठ्ठावीस म्हणेपर्यंत दूध वर यायचं. सात पाचा पस्तीस दुधाच्या खाली जायचे. डाळीला फोडणी देताना मी परसातल्या कोंबड्यांना इतिहास शिकवलाय आणि मुलांना ‘शू शू’ केलंय.

गौरवी मात्र कुठे पळायची नाही. स्वयंपाकघराच्या जनेलात पाय वर घेऊन बसायची. पलीकडे शेत, शेतावर धुक्यासारखा ऊन-पाऊस, मध्येच एखादा मोर ओरडायचा आणि ती त्या आवाजाच्या मागे दूरवर निघून जायची. मी पुस्तक पुढे केलं की म्हणायची, “माका येना. तू म्हण.”

आणि मी म्हणायची. दुसरं काही येत नव्हतं मला.

पहिली माझी ओवी, प गं पाण्याचा,
कळशीत झुले सूर, आईच्या गाण्याचा.

दुसरी माझी ओवी, द गं दाराचा,
उंबऱ्यावर थबके, पाय वाऱ्याचा.

तिसरी माझी ओवी, ज गं जनेलीचा,
आत डोकावतो, झुबका केळीचा.

रुद्रेशला मी असंच गात गात शिकवलं होतं. त्याला पहिलं पान वाचता आलं तेव्हा मी हातातलं पीठ झटकून त्याच्या गालाचा मुका घेतला आणि पुस्तक त्याच्या हातात देत म्हटलं होतं, “शाबास! आता तुझं तू वाच.” एक काम हातावेगळं झालं म्हणून त्या दिवशी मी पातोळ्या केल्या होत्या. गौरवीच्या बाबतीत पातोळ्यांसाठी आणलेली हळदीची पानंसुद्धा सुकून गेली, पण तो दिवस येईना. ओवी संपली की ती समाधानानं मान हलवायची, मी ‘प’वर बोट ठेवायची, आणि ती त्या बोटाकडे अशी बघायची की जणू मी नखाला लागलेलं पीठच दाखवतेय.

मग मला ती कल्पना सुचली. जगात जेवढी म्हणून संकटं आली ती अशाच कुणाला तरी भांडी घासताना सुचली असणार. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लिहून चिकटवायचं! मी केर काढत असेन, मूल केरसुणीवर ‘केरसुणी’ वाचेल. काम माझं, अभ्यास तिचा. जुन्या कॅलेंडरांच्या चिठ्ठ्या कापल्या, मैद्याची खळ केली आणि एका दुपारी अख्खं घर नावानिशी उभं राहिलं. दार, भिंत, पाट, मिक्सर. आईंच्या पानाच्या डब्यावर ‘पान’, आईंच्या आरामखुर्चीवर ‘कदेल’. घर असं दिसत होतं की जणू प्रत्येक वस्तू पहिल्यांदाच आपली ओळख करून देतेय.

पहिला आक्षेप सगुणकाकांचा. शेजारी राहतात, पोस्टमास्तर होते, अजून प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारल्यासारखं बोलतात. ओसरीवरून वाकून ते म्हणाले, “हर्षा, जनेल? अगं, मुलांना शुद्ध भाषा मिळाली पाहिजे. खिडकी लिही. आणि तुझ्या ओवीत ‘जनेलीचा’ असं ऐकलं मी काल. जनेल नपुंसकलिंगी आहे.”

“काका, पुढे केळीचा आहे ना. यमकासाठी.”

“यमकासाठी लिंग बदलायचं?” म्हणून ते स्वतःच्या हातानं ‘खिडकी’ लिहून चिकटवून गेले.

संध्याकाळी पलीकडची ज्योतीवैनी विरजण मागायला आली. “ह्या कोणी लायलां? खिडकी म्हटल्यार माका सिनेमाची तिकिटां आठवतात. हें जनेल. तुझो घोव जनेल म्हणता, सासू जनेल म्हणता, जनेल स्वताक जनेल म्हणता.” तिनं चमच्यावरची चिठ्ठी काढून ‘कुलेर’ लावली आणि विरजण विसरून गेली.

सकाळी सगुणकाकांनी ‘गवाक्ष’ आणून लावलं. तिसऱ्या चिठ्ठीनंतर आमचं जनेल बंद होईना. रात्री त्यातून वारा यायचा, आणि तो कुठल्या भाषेत यायचा देव जाणे.

एवढ्यावर भागलं असतं. पण रुद्रेशला या एकाच अभ्यासाची गोडी लागली. घर संपल्यावर तो उरलेली खळ घेऊन गावात गेला. विजेच्या खांबाला ‘खांब’. सार्वजनिक नळाला ‘नळ’, आणि खाली कंसात ‘पाणी नाही’. बसथांब्याला ‘ओकारीची जागा’. आमच्या वॉर्डाचे पंच पांडुरंग यांची स्कूटर देवळासमोर उभी होती, तिच्या सीटवर ‘पंच’. ते न बघता बसले आणि दिवसभर पाठीमागून ओळखले जात राहिले.

मला पंचायतीत बोलावणं आलं. सार्वजनिक मालमत्तेवर विनापरवाना जाहिरात. मी इस्त्रीची साडी नेसले, मुलांना आईंच्या हवाली केलं आणि गेले. पांडुरंग पंच माणूस चांगला. म्हणाले, “वैनी, नळाक पाणी ना ही गोष्ट खरी. पण खरां बरोवपाक परवानगी जाय.” खरं लिहायलाही परवानगी लागते, हे मला नवं होतं.

मी उभी राहिले आणि बोलले. मुलांच्या कुतूहलाबद्दल बोलले, घराची शाळा आणि शाळेचं घर याबद्दल बोलले. एरवी मला चारचौघांत कंठ फुटत नाही, पण त्या दिवशी शब्द असे आले की जशी भरतीला खाडी. आणि समोर काय! एकेकाच्या चेहऱ्यावर हसू उमलत होतं. मी मुद्दा समजावताना फळ्याकडे वळले की ते जास्तच उमलायचं. पंचांनी तर डोळे पुसले. “जा वैनी,” ते म्हणाले, “चिठ्ठ्यो काडा म्हंजे जालां.” मी बाजारातून मान ताठ करून घरी आले. वाटेत अनोळखी माणसंसुद्धा आदरानं बाजूला होत होती.

घरी आईंनी माझ्या पाठीवरून एक चिठ्ठी सोलून माझ्या हातात दिली. ‘मिक्सर. हात लावू नये.’

त्यानंतर काही दिवस मी बाजारात गेले नाही.

मग श्रावणातल्या ओलीनं खळ सुटायला लागली. चिठ्ठ्या पानांसारख्या गळायच्या, वाऱ्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत जायच्या. रुद्रेश त्या गोळा करून हाताला येईल तिथे लावायचा. मिठाच्या बरणीवर ‘साखर’ आली. मी कामाच्या नादात आता वस्तू न बघता चिठ्ठ्या वाचूनच उचलायला लागले होते; दत्तप्रसादांनी तो चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बरा होता.” लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचं हे असंच आहे.

आणि नेमकं त्याच सुमाराला ते सुरू झालं.

आमच्याकडची दुपार तुम्ही पाहिली असेल. जेवणं झाली की सगळा गोवा डोळे मिटतो. दुकानांची दारं ओढली जातात, कुत्री सावलीत वितळतात, माडांच्या झावळ्या हलायच्या म्हणून हलतात. बाहेर ऊन पडलंय की पाऊस, हे झोपेत ऐकू येतं आणि दोन्ही एकाच सुरात वाटतात. त्या घटकेला मीही आडवी व्हायची. आणि तासाभरानं डोळे उघडले, की घरातली प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी! मिठावर ‘मीठ’, दारावर ‘दार’. जनेलावरची ‘खिडकी’ आणि ‘गवाक्ष’ गायब. एकटं ‘जनेल’ सुखानं बंद होत होतं.

“आई, तुम्ही केलंत?”

“माका चष्म्याबगर पानात चुनो दिसना,” आई म्हणाल्या. मग त्यांनी सुपारी थांबवली आणि परसातल्या सातवणाच्या झाडाकडे पाहिलं. “त्याचा काम तां. भर दुपारची वेळ त्याची.”

तो म्हणजे देवचार, आमच्या वाड्याचा राखणदार. घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणतो, हे सगळ्यांना ठाऊक. चिठ्ठी चुकलेल्या वस्तूलाही आणतो, हे नवं होतं.

बातमी कुंपण ओलांडून गेली. ज्योतीवैनी आनंदानं म्हणाली, “बघ, देवचारसुद्दां जनेल म्हणता!” सगुणकाका दुखावले. “ग्रामीण देवचार आहे,” ते म्हणाले, पण परीक्षा घ्यायचं ठरवून त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर ‘पलंग’ चिकटवलं. दुपारनंतर तिथे ‘खुराडं’ होतं, अनुस्वारासकट. काकांचा चेहरा मऊ झाला. “शुद्धलेखन चांगलं आहे हो,” ते म्हणाले, आणि तेव्हापासून सातवणावरून जाताना टोपी काढायला लागले.

आईंनी रीतीप्रमाणे सातवणाखाली रोट ठेवला, सोबत केळी. संध्याकाळी पान रिकामं. केळ्याच्या साली मात्र कुठे पडलेल्या नव्हत्या; त्या ‘कचरा’ लिहिलेल्या बालदीत सापडल्या. “इतको शिस्तीचो,” आई हात जोडून म्हणाल्या. गौरवीनंही हात जोडले. त्या दिवसांत ती रात्री फार जेवत नव्हती. मला वाटायचं, मॅडमची धास्ती घेतली पोरीनं.

धास्ती खरी माझीच होती. चवथ जवळ आली. पीठ मळता मळता मी ओवी म्हणायची, बोट अक्षरावर ठेवायची, आणि ती म्हणायची, “माका येना. तू म्हण.” शेवटी एका संध्याकाळी मी सातवणासमोर उभी राहिले. म्हटलं, “राखणदारा, मिठासाखरेचं मी बघेन. तुला एवढं वाचता येतं, तर माझ्या लेकीला एक पान शिकव. बसमध्ये तिचा चेहरा केवढासा होतो, तो तू पाहिला नाहीस.” गौरवी माझा पदर धरून शेजारी उभी होती. ती एकदम म्हणाली, “आई, चल. काळोख पडलो.” तिचा आवाज ओला होता.

मॅडम आल्या त्या दिवशी सगुणकाकांच्या सल्ल्यानं मी पहाटेच सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. “अधिकाऱ्यांसमोर घर घरासारखं दिसावं,” ते म्हणाले आणि तपासणीला मदत म्हणून ओसरीवर येऊन बसले. दत्तप्रसादांनी रजा घेतली. वैशाली मॅडम स्कूटरवरून भिजून आल्या. चेहरा दमलेला, पण डोळे प्रेमळ. रुद्रेशनं पाढे म्हटले. मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि गौरवीसमोर उघडलं.

गौरवीनं पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ.

“माका येना,” ती म्हणाली.

“एक ओळ? एक शब्द, बाळा?”

तिनं मान हलवली.

मॅडमनी पुस्तक हळूच मिटलं. “वाईट वाटून घेऊ नका. शाळेत शिकेल.”

“सोमवारपासून बस,” दत्तप्रसाद म्हणाले. आवाज त्यांचाही बरा नव्हता.

मी चहा करते म्हणून आत गेले. आधण ठेवलं. हात आपलं काम करत होते, पण ओठांवर काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वयंपाकघर मुकं होतं. पाण्याचा आवाज होता, आणि तो नुसताच पाण्याचा. डोळ्यांपुढे बस दिसत होती, पिशव्या, लिंबू. सगळे डबे बिननावाचे, एकसारखे. मी एक पांढरी पुडी पुढे ओढली, तीत कुलेर खुपसली आणि कपाशी नेली.

“आई, राव! थांब!”

गौरवी दारात उभी होती. एका दमात, घड्याळाच्या टिकटिकीसारखं स्वच्छ, ती त्या पुडीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत होती. “‘धुण्याचा सोडा. डोळ्यांपासून व लहान मुलांपासून दूर ठेवावा.’”

आधण उतू गेलं. कुणी गॅस बंद केला नाही. तिच्या मागे मॅडम येऊन उभ्या होत्या. त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “आणखी काय लिहिलंय?”

“‘थंड व कोरड्या जागी साठवावा.’”

“तां आमच्याकडे शक्य ना,” रुद्रेश म्हणाला.

ओसरीवरून सगुणकाका आत आले होते. हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुळत होता. “म्हणजे खुराडं... तू?”

गौरवीनं मान खाली घातली.

“आनी माजी केळी?” आईंनी विचारलं.

“केळी मियां खाल्ली. रोट दादान.”

“गवाक्ष पण तूच काढलंस?” काकांचा आवाज कापरा झाला.

“तां चुकीचां नव्हतां, काका. पण जनेल धांपा नासलां.” बंद होत नव्हतं, एवढंच.

मॅडम हसल्या. अशा हसल्या की दमलेला सगळा चेहरा उजळला. “बसची गरज नाही हिला,” त्या दत्तप्रसादांना म्हणाल्या. “मी कळवते तसं. आता चहा द्या, साखर हिलाच घालू द्या.” आई उठून सातवणाच्या दिशेनं हात जोडायला गेल्या, त्यांच्या मते पोरीला शिकवलं कुणी, हा प्रश्न अजून बाकी होता.

मी खाली बसले, गौरवीचे दोन्ही हात धरले. त्यांना खळीचा वास येत होता. इतके दिवस तो कसा आला नाही मला?

“कधीपासून येतं गं तुला?”

“पावसाआधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस? बस आली असती तरी नाही?”

बाहेर पोदेराचा संध्याकाळचा भोंगा वाजला, पों पों, आणि पहिल्यांदाच कुणी पळालं नाही. तिनं माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“दादाक वाचूक आयलां तेन्ना तू त्याका म्हणालीस, ‘आता तुझं तू वाच,’” ती म्हणाली. “मागीर तू त्याच्यासाठी एकदाय गायली नाहीस.” मग अगदी कानाशी येऊन, कुणी ऐकू नये अशी, “माका वाचूक येता, आई. पण तू म्हण.”